ताप अंगावर काढावा का?

मराठीत ‘ताप अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार फार सैल अर्थाने वापरला जातो. गोळी न घेता पांघरूण ओढून दोन दिवस पडून राहणारा माणूस ताप अंगावर काढतो, आणि पाच दिवस रोज तीन गोळ्या घेऊन, लोकलने कामावर जाऊन, डॉक्टरांची पायरीही न चढणारा माणूसदेखील ताप अंगावरच काढतो. वैद्यकीय दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने तापमान खाली आणलेले नाही. दुसऱ्याने ते खाली आणले, पण ते का वाढले याची चौकशी केलेली नाही. ताप आपसूक उतरू द्यावा का, यावर घरोघरी जो वाद होतो त्यात ही दोन्ही प्रकरणे एकाच पोत्यात भरली जातात. थर्मामीटरवरचा आकडा खाली आणायचा की नाही, हा बऱ्याच अंशी रुग्णाच्या सोयीचा प्रश्न आहे. तो आकडा वर का गेला, हा प्रश्न मात्र सोयीवर सोडता येत नाही.

मुळात ताप कशाला म्हणायचे, इथपासूनच गोंधळ आहे. सर्वांना पाठ असलेला ९८.६ हा आकडा जर्मनीतील लाइपझिगचे वैद्य कार्ल वुंडरलिख यांच्या १८६८ सालच्या ग्रंथातून प्रचारात आला. त्यांनी हजारो रुग्णांच्या काखेतील तापमान नोंदवून ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी सांगितली. ३७ या सुटसुटीत आकड्याचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर केले की ९८.६ येतात, आणि त्या दशांश चिन्हामुळे तो आकडा आहे त्याहून फार काटेकोर वाटू लागतो. १९९२ साली अमेरिकेत निरोगी तरुण स्त्री-पुरुषांचे तापमान पुन्हा मोजले गेले, तेव्हा तोंडातील तापमानाची सरासरी ९८.२ भरली आणि निरोगी माणसाची वरची मर्यादा ९९.९ पर्यंत गेली. शिवाय शरीर पहाटे सर्वांत थंड आणि दुपारी चारनंतर सर्वांत उष्ण असते. म्हणून संध्याकाळी ९९.२ दिसले की ‘अंगात कसर आहे’ असे म्हणून गोळी शोधू लागण्याचे कारण नाही. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप म्हणावे, हा व्यवहारातील सर्वमान्य संकेत आहे. काखेतील आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, हेही ध्यानात ठेवावे. (वुंडरलिखच्या काळातील थर्मामीटर सुमारे फूटभर लांबीचे होते आणि एका नोंदीला वीस मिनिटे लागत. दर दहा मिनिटांनी ताप मोजून घाबरण्याची आपली सवय त्या काळी जडणेच अशक्य होते.)

आता शरीर तापते कसे, ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो आणि शरीराचे तापमान राखण्याचे काम त्याच्याकडे असते. गिझरवर जशी तापमान ठरवणारी चकती असते, तशी एक चकती तिथे आहे अशी कल्पना करावी. जंतू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखी काही रसायने रक्तात सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो, तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे द्रव्य तयार होते आणि ते ही चकती फिरवून ९८ वरून समजा १०३ वर नेऊन ठेवते. म्हणजे तापात शरीराचा ताबा सुटलेला नसतो. शरीरानेच आपले लक्ष्य बदललेले असते.

एवढे कळले की तापाच्या बहुतेक खाणाखुणांचा उलगडा होतो. चकती १०३ वर गेली, पण अंग अजून ९९ वरच आहे, अशा वेळी मेंदूच्या हिशेबाने शरीर गार पडलेले असते. म्हणून तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतो, जेणेकरून उष्णता बाहेर जाऊ नये. अंगावर काटा येतो, आणि स्नायू थरथरवून उष्णता निर्माण केली जाते. हीच हुडहुडी. रात्री दोन वाजता आई बाळाच्या कपाळाला हात लावते तर ते भाजते आणि तळपाय चाचपते तर ते बर्फासारखे लागतात, तेव्हा ‘ताप डोक्यात चढला’ असे घरातले कुणीतरी म्हणतेच. प्रत्यक्षात ताप अजून चढतो आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. पुढे लक्ष्य गाठले की थंडी थांबते. औषधाने किंवा आजार ओसरल्याने चकती परत खाली आली की अंग आता हिशेबाबाहेर गरम ठरते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि दरदरून घाम फुटतो. आपण म्हणतो ‘घाम आला आणि ताप उतरला’. क्रम उलटा आहे. ताप उतरायला लागला म्हणून घाम आला. त्यामुळे घाम काढण्यासाठी रुग्णाला दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवण्याने काही साधत नाही. हुडहुडी भरली असताना पांघरूण जरूर द्यावे, त्याने बरे वाटते. थंडी थांबल्यावर ते काढावे.

पॅरासिटामॉल याच साखळीच्या शेवटच्या कडीवर काम करते. ते मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, चकती खाली येते आणि चार ते सहा तास खाली राहते. जंतूंना त्याचा काही उपद्रव होत नाही. म्हणून असर संपल्यावर ताप पुन्हा चढला, तर ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून त्याच दिवशी तिसऱ्या डॉक्टरकडे धावण्याची गरज नसते. याच कारणाने उष्माघातात पॅरासिटामॉल कुचकामी ठरते. विदर्भात मे महिन्यात भर उन्हात काम करून एखादा माणूस बेशुद्ध पडतो, तेव्हा त्याच्या मेंदूतील चकती जागेवरच असते, फक्त उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा हरलेली असते. तिथे गोळी नव्हे, सावली, अंगावर पाणी, पंखा, बर्फ आणि तातडीने रुग्णालय हेच उपाय आहेत.

मग शरीर ही चकती फिरवते कशासाठी? उष्णता निर्माण करणे महाग असते, आणि तरी मासे, सरडे, पक्षी आणि सस्तन प्राणी या सगळ्यांत हा प्रकार दिसतो. काही फायदा असल्याशिवाय तो इतका काळ टिकला नसता. या युक्तिवादाला प्रयोगाची जोड मिळाली ती १९७५ साली, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर केलेल्या कामातून. इग्वाना हा सरड्याच्या जातीचा प्राणी. त्याला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. तो उन्हात किंवा सावलीत सरकून तापमान सांभाळतो. संशोधकांनी या प्राण्यांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांच्या पेट्यांत ठेवले. ३४ अंश सेल्सिअसच्या पेटीतील जवळजवळ सगळे दगावले. ४० आणि ४२ अंशांच्या पेट्यांत वाचणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी अधिक होते. पुढच्या वर्षी त्यांनी ताप उतरवणारे औषध देऊन पाहिले, तेव्हा ज्यांचा ताप औषधाने अडवला गेला ते मेले आणि औषध देऊनही जे उबेकडे सरकून तापले ते जगले. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरससारखे काही विषाणू ३३ ते ३५ अंशांना, म्हणजे नाकातील गारव्यात, अधिक जोमाने वाढतात, आणि आपल्या संरक्षक पेशींच्या काही हालचाली तापलेल्या शरीरात अधिक चपळ होतात, हेही आता ठाऊक आहे.

तापाच्या या ताकदीवर एकेकाळी नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. पेनिसिलिन यायच्या आधी सिफिलिस हा गुप्तरोग मेंदूपर्यंत पोहोचला की रुग्ण वेडाच्या वाटेने मृत्यूकडे जात असे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ युलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ साली अशा रुग्णांना मुद्दाम मलेरियाचे रक्त टोचले, तापाच्या काही पाळ्या येऊ दिल्या आणि मग क्विनाइन देऊन मलेरिया आवरला. अनेक रुग्ण सुधारले, काही मलेरियाने दगावले, आणि १९२७ साली त्यांना नोबेल मिळाले. आज हा उपचार ऐकूनच अंगावर शहारे येतात.

तरीही सरड्यावरून माणसाचा निकाल लावता येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांत, संसर्गाचा संशय आणि ताप असलेल्या ७०० रुग्णांवर एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नियमित पॅरासिटामॉल, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रव्य दिले गेले. दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. कांजिण्या झालेल्या मुलांवरील १९८९ सालच्या एका लहान अभ्यासात पॅरासिटामॉल घेणाऱ्यांच्या फोडांवर खपली धरायला सुमारे एक दिवस अधिक लागला. माणसांबाबतचा पुरावा हा एवढ्याच वजनाचा आहे: ताप उपयोगी असावा असे मानायला जागा आहे, पण एक गोळी घेतल्याने आजार चिघळतो असे म्हणायला पुरेसा आधार नाही. ‘ताप दाबला की आत मुरतो’ हे घरगुती मत मला तरी या पुराव्यावर टिकणारे वाटत नाही.

तापाची किंमत मात्र ठरलेली असते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की शरीराचा उर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, नाडी वाढते, श्वास वाढतो, पाणी उडून जाते. धडधाकट तरुणाला हे पेलते. हृदयविकार किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना, पक्षाघात किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना ते पेलत नाही. त्यांनी ताप आपसूक उतरण्याची वाट पाहण्याचा प्रयोग करू नये.

लहान मुलांच्या तापाची भीती वेगळीच असते. १०४ च्या पुढे गेला तर मेंदूला इजा होईल, ही ती भीती. १९८० साली एका अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने पालकांच्या मुलाखती घेऊन या भीतीला ‘तापाची धास्ती’ अशा अर्थाचे नावच दिले. वस्तुस्थिती अशी की चकती फिरवणारा मेंदू स्वतःच एक मर्यादा पाळतो, त्यामुळे संसर्गाचा ताप १०६ च्या वर क्वचितच जातो, आणि केवळ तेवढ्या तापाने मेंदू खराब होत नाही. मेंदूची हानी होते ती मेंदूज्वरासारख्या मूळ आजाराने, किंवा उष्माघातात चकती निरुपयोगी ठरून तापमान बेलगाम वाढले तर.

तापात येणारी आकडी हा दुसरा धसका. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरातील दोन ते पाच मुलांना ती कधीतरी येते. मूल ताठ होते, डोळे फिरवते, हातपाय झटकते. बघणाऱ्याच्या जिवाचे पाणी होते. पण बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मागे काही व्यंग ठेवत नाहीत. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर डॉक्टरांना दाखवावेच. आकडी टळावी म्हणून घड्याळ लावून, मूल झोपेतून उठवून ताप उतरवण्याचे औषध पाजले जाते, त्याने पुढच्या आजारपणातली आकडी टळते असे दिसून आलेले नाही.

म्हणून औषध द्यायचे की नाही हे आकड्यापेक्षा माणसाकडे पाहून ठरवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली हेच सांगितले: तापाच्या मुलाला औषध द्यायचे ते त्याला बरे वाटावे म्हणून, तापमान ९८.६ वर आणण्यासाठी नव्हे. १०२ ताप असूनही खेळणाऱ्या, पेज पिणाऱ्या, लघवी करणाऱ्या मुलाला गोळीवाचून चालते. १०१ तापात अंग मोडून आलेल्या, काही न पिणाऱ्या मुलाला औषध द्यावे, म्हणजे ते निदान पाणी तरी पिईल. थंड पाण्याच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांची गोष्टही अशीच आहे. चकती वरच असताना बाहेरून गार केले की शरीर उलट थरथरून उष्णता वाढवते. कपाळावर कोमट पाण्याचे फडके आवडत असेल तर ठेवावे, मूल रडत असेल तर काढावे. मीठ असो वा नसो, फरक पडत नाही.

खरी चूक होते ती मापात. पॅरासिटामॉलचा मुलांसाठीचा एक डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. पण बाजारात हे औषध एकाच ताकदीचे मिळत नाही. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२०-१२५, आणि दुसऱ्यात पाच मिलिलिटरला २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे ठरले तर ते थेंबांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर, २५० च्या सिरपमधून तीन आणि १२५ च्या सिरपमधून सहा मिलिलिटर होतात. ‘मागच्या वेळी सहा एमएल दिले होते’ एवढ्या आठवणीवर घरातील दुसरीच बाटली उघडली, तर डोस दुप्पट किंवा चौपट होतो आणि त्याचा भार यकृतावर पडतो. मोठ्यांसाठी दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, आणि सर्दी-पडशाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, हे पाकिटावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही. मद्यपान करणाऱ्यांना आणि यकृताचा विकार असलेल्यांना तर ही मर्यादाही जास्तच ठरते. निमेसुलाइड या ताप-वेदनांवरच्या औषधावर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. अ‍ॅस्पिरिन मुलांना तापासाठी देऊच नये.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे ताप का आला हा, जो सोयीवर सोडता येत नाही. आपल्याकडे जून ते नोव्हेंबर या काळातला ताप साध्या विषाणूंचा असण्याची शक्यता मोठी असली, तरी त्याच रांगेत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून जडणारा जिवाणूंचा आजार), विषमज्वर उभे असतात. डेंग्यूत तर ताप उतरण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची दिशाभूलच होते. तीन ते सात दिवस फणफणलेला ताप एका सकाळी उतरतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि नेमक्या त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागून रक्तदाब कोसळतो. ताप गेल्यावर पोटात जोराची कळ, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हात, कमी झालेली लघवी, विलक्षण मरगळ किंवा बेचैनी यांतले काहीही दिसले तर पपईच्या पानांचा रस शोधत न बसता रुग्णालय गाठावे. डेंग्यूची शक्यता असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामके टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉलच घ्यावे.

मलेरिया हा तर अंगावर काढण्याचा आजारच नव्हे. एक दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप मधल्या दिवशी नसतो, म्हणून ‘गेला’ असे वाटते. परोपजीवी मात्र त्या दिवशीही तांबड्या पेशींत वाढत असतात, आणि फाल्सिपेरम जातीचा मलेरिया मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोने बळी घेतले, तेव्हापासून तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना प्रतिबंधक गोळ्या घेण्याचे आवाहन दरवर्षी होते. कोकणात हाच आजार भाताच्या खाचरांत गाठतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली. गवतातील बारीक कीटक चावतो, काखेत किंवा जांघेत काळी खपली दिसते, आणि ती शोधायला कपडे काढून पाहावे लागते. हे आजार योग्य औषधाने बरे होतात, पण ते औषध वेळेवर मिळावे लागते.

तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ ताप आला तर वाट पाहू नये, त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच दाखवावे. कोणत्याही वयात मान ताठ होणे, शुद्ध हरपणे, धाप लागणे, दाबल्यावर न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके, आठ तास लघवी न होणे ही घरी वाट पाहत थांबण्याची लक्षणे नव्हेत. एरवी धडधाकट माणसाने दोन दिवस भरपूर पाणी पिऊन, मऊ भात, मुगाचे कढण खाऊन घरी विश्रांती घ्यायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशी ताप असेलच तर रक्त तपासून घ्यावे. पहिल्याच दिवशी औषधाच्या दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची अर्धवट पट्टी विषाणूच्या तापाला काही करत नाही, आणि विषमज्वर असेल तर पुढे रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडणे अवघड करते.

घरी थांबायचे ठरवले तर एक गोष्ट जरूर करावी. दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरच्या चौकोनात तापाचा पहिला दिवस नोंदवावा, आणि रोज दोन-तीनदा वेळ, आकडा व घेतलेली गोळी लिहावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘ताप कधीपासून?’ हाच असतो, कारण तपासण्या दिवसांवर ठरतात: डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, प्रतिपिंडांची (जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या द्रव्यांची) त्यानंतर, विषमज्वराचे कल्चर पहिल्या आठवड्यात, आणि विषमज्वराचीच विडाल ही प्रतिपिंडांची तपासणी दुसऱ्याच दिवशी केली तर तिच्यातून काही कळत नाही. ‘झाले असतील तीन-चार दिवस’ या उत्तरावर यातली कोणती तपासणी निवडायची, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही.